परत गेलेली पुरणपोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या होळीच्या दिवशीची गोष्ट. आमच्या समोरच्या काकू दरवर्षीसारखं ताटलीत दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार आणि वाटीत कटाची आमटी झाकून घेऊन आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरी गेल्या. दार उघडलं ते दुसरीतल्या पोरीनं, आणि ती दारातच म्हणाली, "नको काकू, मी गोड सोडलोय, घेतलो तर माझा स्टार जातोय." काकूंना स्टार म्हणजे काय ते काय कळलं नाही, एवढंच कळलं की आपली पोळी नको झालीय. ताटली तशीच झाकून परत गेल्या आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "तुमच्यात आता आमचं चालत नाही काय हो?"

पोरीची आई कामावरनं आली, तिला कळलं, ती जाऊन काकूंशी बोलली, पोळ्या घेऊन आली, विषय मिटला. पण चूक पोरीची नव्हती आणि आईची पण नव्हती. तो स्टारचा तक्ता मीच दिला होता.

मी बरीच वर्षं रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, लहान मुलांना कॅटेकिझम शिकवते (घरात मी पण आमच्या इकडच्या बायकांसारखं "शिकवतो"च म्हणते, पेपरला लिहायचं म्हणून "शिकवते"). कॅटेकिझम म्हणजे आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग, जुनी माणसं दोतोर्न म्हणायची. माझ्याकडं पहिली ते तिसरीची पोरं, सहा ते आठ वर्षांची, काहींचं पहिलं कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) व्हायचंय काहींचं नुकतंच झालंय. हे पत्र पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बुलेटिनला का नाही दिलं म्हणाल तर बुलेटिन इंग्लिशमधे असतं आणि बऱ्याच घरात ते डब्याखाली अंथरायला जातं, तुमचा पेपर मात्र चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आणि काकू पण तुमचाच पेपर वाचतात.

म्हणून आधी काकूंसाठी थोडं सांगते. लेंट, आमची शामाय म्हणजे आजी त्याला कोरेज्म म्हणायची, मराठी पुस्तकात उपवासकाळ नाहीतर प्रायश्चित्तकाळ असं असतं. ईस्टरच्या, म्हणजे येशू मेलेल्यातनं उठला त्या सणाच्या, आधीचे ४० दिवस. यंदा १८ फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी सुरू झाला, ५ एप्रिलला ईस्टर. कॅलेंडर घेऊन मोजलं तर दिवस ४६ भरतात, आणि दरवर्षी वर्गातला एक तरी पोरगा बोटं घालून मोजतोच आणि मला धरतो, तर ते असं की मधले सहा रविवार त्यात धरत नाहीत, रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. ४० कशाला, तर येशू अरण्यात ४० दिवस उपाशी राहिला म्हणून, त्याच्याही आधी मोशे सीनाय डोंगरावर ४० दिवस होता, नोहाच्या वेळचा पाऊस ४० दिवसांचा.

ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते हे पण पोरं विचारतात. २१ मार्चला किंवा त्याच्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा ती पौर्णिमा हनुमान जयंतीची आहे, २ एप्रिलला, म्हणून मी वर्गात सांगून टाकलं की मारुतीच्या देवळासमोर रांग दिसली की समजायचं, आता येतोय तो रविवार आपला. (२०२४ ला होळीच्या पौर्णिमेनंतरच आला होता, ३१ मार्चला, त्यामुळं मारुतीचा हिशोब दरवर्षी चालत नाही, पण पोरांना चंद्र बघायची सवय लागते हे काय वाईट.) आणि यंदा तर १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र, तीन दिवसांनी आमचा राखेचा बुधवार, त्याच आठवड्यात रमझान, म्हणजे बेळगावात एकाच आठवड्यात निम्मी गल्ली कुठल्या ना कुठल्या देवासाठी उपाशी, आणि उरलेल्यांना साबुदाण्याची खिचडी.

आता मुद्द्याचं. लहान पोरांना उपासाचा नियम लागूच नाही हो. कॅथलिक चर्चचा जो १९८३ चा कायदा आहे त्याच्या १२५२ व्या कलमात सरळ लिहिलंय, मटण-चिकन वर्ज्य करायचा नियम १४ वर्षं पुरी झाल्यावर, आणि उपासाचा नियम १८ पुरी झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. तो उपास पण सक्तीचा दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्याच कलमात पुढं असं आहे की जे या वयात बसत नाहीत त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवायची काळजी फादरनी आणि आईबापांनी घ्यावी. अर्थ शिकवा म्हटलंय. उपाशी ठेवा असं कुठं म्हटलेलं नाही.

आणि आम्ही काय करतो, तक्ता देतो. माझा तक्ता असा होता, कागदावर मधे क्रूस, भोवती ४० चौकोन, रोज काय सोडलं ते लिहायचं, खाली आईची सही, रविवारी मी सोनेरी चिकट स्टार लावणार, खडेबाजारात स्टेशनरीच्या दुकानात मिळतं त्याचं पाकीट. ज्याचे स्टार जास्त त्याला ईस्टरला बक्षीस. मला वाटलं किती छान. पहिल्या रविवारी तक्ते आले ते वाचून हसावं की रडावं कळेना. "चॉकलेट सोडलो." "कार्टून सोडलो." "कारल्याची भाजी सोडलो." एकानं लिहिलं होतं "होमवर्क सोडलो" आणि खाली आईची सही होती. एका पोरीचे पहिल्या चार दिवसातच २२ चौकोन भरलेले. ते हसण्यावारी नेलं, पण एक पोरगा, सात वर्षांचा, शाळेत मधल्या सुट्टीत डबाच उघडेना, कुणाला बोलला पण नाही, तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या लायनीत चक्कर येऊन बसला. घरचे मला बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं.

गंमत म्हणजे राखेच्या बुधवारी चर्चमधे जे शुभवर्तमान (बायबलमधली येशूची गोष्ट) वाचतात ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. दान करताना उजवा हात काय करतोय ते डाव्याला कळू नये, उपास केलास तर डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको. हे बुधवारी ऐकायचं आणि रविवारी भिंतीवर स्टार चिकटवायचे! इतकी वर्षं शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नाही, काकूंची ताटली परत गेली तेव्हा आलं.

आमच्या शामायचा कोरेज्म कडक होता, हे मला मान्य आहे. खानापूरच्या बाजूला आमचं घर, गोव्याकडनं आलेली माणसं आम्ही, ४० दिवस घरात मटण नाही, लग्नकार्य नाही, संध्याकाळी सगळ्यांनी गुडघ्यावर बसून तेर्स म्हणजे रोझरी, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे असे दुखायचे की काय सांगू. चुलीत खारा बांगडा भाजल्याचा वास आणि बरोबर पेज, त्या वासावरनंच आम्हाला कळायचं कोरेज्म लागला. पण शामायनं आम्हाला कधी विचारलं नाही की तू काय सोडलीस. ती आपली सोडायची, आम्ही बघायचो. दुपारी एक म्हातारी यायची, तिच्यासाठी पेज काढून ठेवलेली असायची, ती आली नाही तर शामाय दारात येऊन बघायची. आता लोक म्हणतात की आजकालच्या पोरांना त्याग माहीत नाही म्हणून तक्ता पाहिजे. मला वाटतं पोरांना बघायला काही शिल्लक ठेवलेलं नाही म्हणून तक्ता लागतो.

बरं मग शिकवायचं कसं. मला जे थोडंफार जमलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा.

राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावर राखेचा क्रूस लावतात. वर्गातला एक पोरगा सकाळच्या मिस्साला जाऊन तसाच शाळेत गेला, बेंचवरच्या मित्रानं विचारलं, "अंगारा लावलास काय रे?" हा म्हणाला होय. रविवारी मला येऊन विचारतोय, "टीचर, आम्ही पण अंगारा लावतोय काय?" आता याला नाही म्हणायचं की होय म्हणायचं. मी म्हटलं राखच आहे, पण ही कशाची राख माहीत आहे काय तुला? कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, हातात झावळी घेऊन नाचत आलात, ती घरी फोटोच्या मागं खोचून ठेवलेली असते, वाळून पिवळी पडते, तीच गोळा करून जाळतात आणि तिची राख. पुढच्या रविवारी तीन पोरांनी घरातनं वाळक्या झावळ्या आणल्या, सिस्टरना विचारून चर्चच्या मागं पत्र्याच्या डब्यात जाळल्या, भुरकन पेटल्या, केवढ्या झावळ्या आणि राख किती तर चिमूटभर. सगळ्यांनी बोटावर घेऊन चोळून बघितली. "अंगारा देव आपल्याला राखावं म्हणून लावतात, ही राख आपल्याला आठवण म्हणून," एवढंच मी सांगितलं, मित्राला काय सांगायचं ते त्याचं तो बघेल.

राख लावताना फादर म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दुसरं एक वाक्य पण आहे, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. पहिल्या वाक्यानं लहान पोरं घाबरतात आणि दुसरं त्यांना कळत नाही. म्हणून मी खानापूरच्या कुंभाराकडची माती आणली, आमच्या खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली आहे हे तुम्हाला सांगायला नको. कोरडं ढेकूळ हातात दिलं, दाबलं की भुगा. मग पाणी घातलं, मळलं, प्रत्येकानं काहीतरी केलं, बैल झाले, चपात्या झाल्या, एकानं मोबाईल केला. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देवानं मातीतनंच माणूस घडवलाय, तर वाकडं झालं की कुंभार काय करतो? परत गोळा करतो आणि परत घडवतो. पश्चात्ताप हा शब्द मी काढलाच नाही. एकानं विचारलं, "टीचर, मग मी मेल्यावर माझा गल्ला होतोय काय?" याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

इथं भाषेचं पण बोलायला पाहिजे. आमच्या पोरांच्या घरात मराठी, आजीबरोबर कोंकणी, रस्त्यावर कन्नड, आणि कॅटेकिझमचं पुस्तक इंग्लिश. पोरं "लेंट इज अ सीझन ऑफ पेनन्स" (प्रायश्चित्ताचा काळ) एका दमात म्हणतात, पेनन्स म्हणजे काय विचारलं तर एक म्हणाला पेन आणि पेन्सिल. चूक त्याची नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले आणि त्यांचं मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण १६१६ मधे गोव्यात राशोलला छापलं गेलं, आणि पोरांसाठी प्रश्नोत्तराची दोतोर्न त्यांनीच कोंकणीत लिहिली, ती ते वारल्यावर १६२२ ला छापली. परदेशातनं आलेला माणूस आमच्या भाषा शिकून आमच्या भाषेत सांगतो आणि ४०० वर्षांनी आम्ही आमच्याच पोरांना इंग्लिशमधे पेनन्स शिकवतोय. शाळा इंग्लिश मीडियम असू दे की, देवाचं तरी घरातल्या भाषेत सांगा.

तर पुरणपोळीनंतरचा रविवार म्हणजे ८ मार्च, लेंटचा तिसरा रविवार. त्या दिवशीचं वाचन विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं होतं, योहानच्या चौथ्या अध्यायातलं. भर दुपारी येशू दमून विहिरीच्या काठावर बसलाय, पाणी काढायला बाई येते आणि येशू तिला म्हणतो मला प्यायला दे. बाई चकित, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते, त्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नव्हते. हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. "शिवत नव्हते काय टीचर?" लगेच आलं. मी एक पितळी घागर नेली होती, दोघांनी नाटक केलं, आणि मी सांगत होते की बघा, येशूनं आधी काही दिलं नाही, आधी मागितलं, ते पण तिच्या भांड्यातलं. तेवढ्यात ती आमची पुरणपोळीवाली पोरगी मागनं म्हणाली, "मग येशूचा स्टार गेला काय?"

वर्ग हसला. ती हसली नाही, ती खरंच विचारत होती. मी म्हटलं येशूकडं तक्ता नव्हता. आणि तिथंच सांगून टाकलं की पुढच्या रविवारी सगळ्यांनी तक्ते परत आणायचे, बक्षीस रद्द. २२ चौकोनवाली रडली, तिची समजूत काढायला मला पाव किलो शेंगदाण्याची चिक्की लागली, लेंटमधेच.

तक्त्याच्या जागी आता दोनच गोष्टी ठेवल्यात. आई भाताला तांदूळ काढते तेव्हा पोरानं स्वतःच्या हातानं एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. पोराची मूठ, आईची नव्हे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे २९ मार्चला, सगळ्यांचे तांदूळ एकत्र करून जवळच्या वृद्धाश्रमात पोरांनीच नेऊन द्यायचे. आणि दुसरं, लेंटमधे आम्ही आलेलुया (देवाची स्तुती करा) म्हणत नाही, तर तो शब्द पोरांनी रंगीत खडूनं कागदावर लिहून बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवलाय, ईस्टरला उघडायचा. चुकून कुणाच्या तोंडातनं आला की बाकीचे "शूऽऽ" करतात. यात कुणाचा नंबर येत नाही आणि कुणाला चक्कर पण येत नाही.

आईबापांना एक विनंती आहे. येशूच्या छळाचे रक्तबंबाळ सिनेमे मोठ्या पडद्यावर किंवा मोबाईलवर या वयाच्या पोरांना दाखवू नका. एका ठिकाणी दाखवला होता, सहा वर्षांचा पोरगा आठवडाभर रात्री दचकून उठत होता. येशू क्रूस घेऊन मरायला चालत गेला त्या क्रुसाच्या वाटेचे टप्पे १४ आहेत, लहान्यांना पाचवा आणि सहावा पुरे, शिमोन येऊन क्रूस उचलायला हात लावतो आणि व्हेरोनिका तोंड पुसते. हे दोन्ही पोराला जमण्यासारखं आहे, मंगळसूत्र सांभाळत दोन पिशव्या घेऊन आई बसमधनं उतरते तेव्हा एक पिशवी घेणं म्हणजे पाचवा टप्पाच झाला की.

येत्या १५ तारखेचं वाचन जन्मापासनं आंधळ्या असलेल्या माणसाचं आहे, येशू थुंकीनं माती कालवून त्याच्या डोळ्याला लावतो. पोरांना थुंकी फार आवडते, त्यामुळं तो वर्ग आपोआप होतो, मला काही करावं लागत नाही. त्या दिवशी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात, ते पण पोरं मोठ्यानं ओरडून सांगतात. आणि १९ तारखेला गुढी पाडवा, नेमका त्याच दिवशी संत जोसेफचा सण. काकू श्रीखंड करणार आहेत, मी विचारून ठेवलंय, शेजारच्या पोरीला पण सांगून ठेवलंय.

शेवटी संपादक महोदय, तुमच्याकडं एक मागणं, आणि हे चौकाचौकात बॅनर लावणाऱ्या पुढाऱ्यांना पण आहे. दरवर्षी गुड फ्रायडेला पेपरात आणि बॅनरवर हात जोडलेल्या फोटोसकट "गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा" असं असतं. प्रेमानं लावतात, राग नाही. पण तो येशूच्या मरणाचा दिवस, त्या दिवशी चर्चमधे मिस्सा पण होत नाही, वेदीवरचं कापड काढलेलं असतं. गेल्या वर्षी एका पोरानं असा बॅनर वाचून मला विचारलं होतं, "टीचर, आज कुणाचा बर्थडे आहे काय?" यंदा गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे. शुभेच्छा तेवढ्या दोन दिवस थांबवून ५ तारखेला द्या, तेव्हा आम्ही बिस्किटाचा डबा पण उघडलेला असेल.

आपली,
एक कॅटेकिझम टीचर
कॅम्प, बेळगाव